अंगणातला डॉगवूड : वाचकांचे प्रश्न

मार्चमध्ये इथे अमेरिकेत माझ्याकडे येणारी पत्रं कढीपत्त्याची असतात. कुंडी बाहेर कधी काढू, पानं का गळली, वगैरे. एप्रिल संपत आला की सगळ्यांना एकच झाड दिसायला लागतं. पानं अजून धड फुटलेली नसतात आणि रानाच्या काठाला, करड्या खोडांच्या मधोमध, पांढरी फुलं आडव्या थरांत पसरलेली असतात. हे झाड दारात लावावंसं वाटतं, आणि लावलेलं असेल तर ते तसं का दिसत नाही याची काळजी वाटते. म्हणून या वेळचं सगळं सदर डॉगवूडला दिलं आहे.

सुरुवातीला एक सांगते, कारण पुढची बहुतेक उत्तरं त्यातूनच निघतात. हे मोकळ्या मैदानातलं झाड नाही. मेन राज्याच्या दक्षिण टोकापासून उत्तर फ्लॉरिडापर्यंत आणि पश्चिमेला पूर्व टेक्सासपर्यंत, ओक आणि हिकरीसारख्या उंच झाडांच्या खाली किंवा रानाच्या कडेला ते वाढतं. सकाळचं ऊन, दुपारी सावली, पायाशी कुजलेला पालापाचोळा. मुळं वरच्या वर, फारशी खोल न जाणारी. आपण ते उचलून हिरव्यागार लॉनच्या मधोमध, दिवसभराच्या उन्हात उभं करतो. त्याची दुखणी तिथून सुरू होतात.

प्रश्न : ताई, सहा वर्षांपूर्वी पांढरा डॉगवूड लावला. झाड दहा फूट झालं, पानं हिरवीगार, पण फुलं मोजून चार-पाच. दर मार्चला मी स्वतः नीट गोल छाटणी करतो, लॉनबरोबर खतही देतो. चुकतंय कुठे? (एडिसन, न्यू जर्सी)

तुमच्या पत्रातच उत्तर आहे. मार्चमध्ये तुम्ही त्या वर्षीची फुलं कापून टाकता.

डॉगवूडची फुलकळी आदल्या उन्हाळ्यात धरते आणि पूर्ण हिवाळा फांदीच्या टोकावर बसून काढते. येत्या नोव्हेंबरात पानं गळाली की झाडाजवळ जा आणि एक फांदी हातात धरून टोक बघा. काही टोकांना बारीक, अणकुचीदार कोंब दिसतील, त्या पानांच्या कळ्या. काही टोकांना छोट्याशा देठावर राखाडी रंगाचं, चपटं-गोल बटण बसवल्यासारखं दिसेल. सांबाराचा कांदा हरभऱ्याएवढा केला तर कसा दिसेल, तसं. ती फुलकळी. बटणावर चार खवले घट्ट मिटलेले असतात. वसंतात हेच खवले वाढतात, पसरतात, पांढरे होतात, आणि आपण त्यांना पाकळ्या म्हणतो. खरं फूल मधोमध असतं, पिवळट-हिरव्या, टाचणीच्या डोक्याएवढ्या फुलांचा घोस. पांढरी दिसतात ती छदं, म्हणजे फुलाला वेढून येणारी रंगीत पानं. आपल्या बोगनवेलीचा गुलाबी भाग असतो ना, तोच प्रकार. प्रत्येक छदाच्या टोकाला एक खाच आणि तिथे तपकिरी डाग दिसतो. हिवाळाभर कळी झाकून बसलेल्या खवल्याचं ते टोक. मला त्या डागाशिवायचं फूल अपुरं वाटतं.

तेव्हा मार्चची छाटणी बंद करा. डॉगवूडला गोल आकार देऊच नका, आडव्या फांद्या हीच त्याची घडण आहे. वाळलेली किंवा एकमेकींवर घासणारी फांदी तेवढी काढा, झाड झोपेत असताना, डोळ्यांनी कळ्या बघून.

दुसरं, लॉनचं खत. त्यात नत्र भरपूर असतं. पानं वाढतात, कळ्या धरत नाहीत. झाडाच्या घेरापर्यंत लॉनच नको, म्हणजे खताचा प्रश्न उरत नाही. आणि जुलै-ऑगस्ट कोरडे गेले तर पाणी द्या, कारण पुढच्या एप्रिलची कळी तेव्हा घडत असते. आठवड्याला इंचभर पाणी पुरतं. पाइप बारीक सोडून, हळूहळू मुरू द्या. स्प्रिंकलरनं पानं भिजवू नका, ओली पानं म्हणजे बुरशीला बोलावणं.

एवढं करूनही फूल आलं नाही तर वर बघा. शेजारच्या मेपलनं आकाश पूर्ण झाकलं असेल तर डॉगवूड जगतो, पण फुलत नाही. त्याला सावली हवी, काळोख नको.

प्रश्न : मी पुण्याचा, सध्या व्हर्जिनियात लाउडन काउंटीत मुलाकडे आहे. त्याच्या दारातल्या डॉगवूडची खोडाजवळची साल सुटते आहे, बुंध्याशी ओलसर भुसा दिसतो, आणि गेल्या ऑगस्टमध्येच एक मोठी फांदी लाल पडली. गावी आंब्याला आम्ही गेरू आणि चुना लावायचो. इथे लावू का? (वय ७४)

काका, चुना लावू नका. डॉगवूडला आम्लधर्मी माती लागते, सामू (पीएच) साडेपाच ते साडेसहाच्या दरम्यान. चुन्याचा निथळ मुळांशी गेला तर लोह मिळेनासं होऊन पानं पिवळी पडतात. जखमेवर रंग किंवा लेप लावूनही झाडाला उपयोग होत नाही. ती उघडी, कोरडी राहिली तर झाड स्वतः कडेनं भरून काढतं.

तुम्ही वर्णन केलंय ते आंब्याच्या भिरुडासारखंच काम आहे. इथे हा पतंग असतो. पारदर्शक पंख, काळसर निळं अंग, त्यावर पिवळे पट्टे, लांबून गांधीलमाशी वाटते. मादी सालीवर अंडी घालते आणि अळी सालीखालचा जिवंत थर खात फिरते. अळीला सालीत शिरायला वाट लागते, आणि ती वाट बहुतेक वेळा आपण करून दिलेली असते. गवत कापायच्या यंत्राची दोरी खोडाला लागते. दर आठवड्याला एक ओरखडा, दिसतही नाही. डॉगवूडची साल पातळ, तिला तेवढं पुरतं.

हे मी रागानं लिहिते आहे. माझ्या दारातला चौदा वर्षांचा डॉगवूड असाच गेला. गवत कापायला येणारी मंडळी चांगली, कामसू होती, पण खोडाभोवतीचे चार गवताचे पात कापायला यंत्र झाडाला टेकवायची. मी दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदा सांगायचं राहिलं. पुढच्या उन्हाळ्यात बुंध्याभोवती बोटभर रुंदीची साल पूर्ण फेरा घेऊन मेलेली होती. वरची पानं सप्टेंबर यायच्या आधी लाल झाली. लोक म्हणाले, काय सुंदर रंग आला आहे.

म्हणून ऑगस्टात एकच फांदी लाल झाली की मला भीती वाटते. तुम्ही असं करा. सुटलेली साल धारदार, स्वच्छ चाकूनं जिवंत सालीपर्यंत कोरून काढा. भोकं दिसली तर बारीक, लवचीक तार आत सरकवून अळी टोचून मारा. मेलेली फांदी काढा, पण मे-जूनमध्ये ताजी जखम करू नका, तेव्हा पतंग उडत असतात. थंडीपर्यंत थांबा. आणि बुंध्याशी मल्चचा, म्हणजे आच्छादनाचा, ढीग रचलेला असेल (या भागात तो असतोच, प्रत्येक झाडाला वारूळ केल्यासारखा), तर तो आजच हातानं बाजूला ओढा. खोड जिथे रुंदावत मुळांत शिरतं तो भाग उघडा दिसला पाहिजे. खोडापासून चार बोटं सोडून, दोन-तीन इंच जाडीचं, पण फांद्यांच्या घेराएवढं रुंद आच्छादन करा. शरद ऋतूत मुलगा पानं गोळा करून पिशव्यांत भरत असेल, त्याला थांबवा. तीच पानं घाला. डॉगवूडचं पान लवकर कुजतं आणि त्यात कॅल्शियम भरपूर, माती सुधारते.

फेऱ्याच्या निम्म्याहून जास्त साल जिवंत असेल तर झाड वाचायची आशा धरा. तुम्ही ज्या राज्यात आहात तिथलं १९१८ पासूनचं राज्यफूल आणि १९५६ पासूनचा राज्यवृक्ष, दोन्ही हाच आहे. नातवंडांना सांगा, त्यांना आजोबांच्या कामाचं मोल कळेल.

प्रश्न : काकू, आम्ही नुकतंच रालेजवळ घर घेतलंय. समोर लाल चिकणमाती, सावली अजिबात नाही. मला गुलाबी डॉगवूड हवा, नवऱ्याला पांढरा, शेजारी म्हणतात कूसा लावा. कुठला लावू आणि कसा? (नॉर्थ कॅरोलायना)

अगं, आधी जागा ठरव, मग रंग. समोर सावली नसेल तर घराच्या पूर्वेला जागा आहे का बघ. सकाळी ऊन येईल, दुपारनंतर घराचीच सावली पडेल. तुमच्याकडचा जुलै कडक असतो, पश्चिमेच्या भिंतीशी लावलास तर पानांच्या कडा करपतील.

लाल मातीला घाबरू नकोस. ती आम्लधर्मी असते, ते या झाडाला चालतं. प्रश्न निचऱ्याचा आहे, कारण नवीन घर बांधताना वरची चांगली माती खरवडून नेलेली असते आणि खालची यंत्रांनी दाबलेली असते. फूटभर खोल खड्डा खणून पाण्यानं भर. दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी उभं असेल तर तिथे लावू नकोस, किंवा उंचवटा करून लाव. फावडं मारायच्या आधी ८११ वर फोन करून जमिनीखालच्या वीज-गॅसच्या लाइनी खुणा करून घे, ही सोय मोफत आहे.

आता जाती. इथल्या मूळच्या डॉगवूडला दोन रोगांनी फार छळलं आहे. एक करपा. १९७० च्या दशकाच्या शेवटी न्यूयॉर्क आणि कनेटिकटमध्ये तो दिसला आणि अ‍ॅपलेचियन डोंगरांतली झाडं त्यानं सपाट केली. मेरीलँडच्या कॅटॉक्टिन डोंगरात जिथे सगळे डॉगवूड मेले, तिथे एक झाड ठणठणीत उभं होतं. टेनेसी विद्यापीठाच्या संशोधकांनी त्याच्यापासून 'अ‍ॅपलेचियन स्प्रिंग' ही जात काढली, आणि ती करप्याला दाद देत नाही. एका उरलेल्या झाडाची पोरं आज नर्सरीत मिळतात, हे मला फार मोठं वाटतं.

दुसरा रोग भुरी, आपल्या द्राक्षबागायतदारांना चांगली ठाऊक असलेली. जूननंतर पानांवर पिठी भुरभुरल्यासारखी दिसते, पानं वळतात. झाड सहसा मरत नाही, पण थकतं आणि कळ्या कमी धरतं. त्याच विद्यापीठाच्या 'अ‍ॅपलेचियन जॉय', 'स्नो', 'मिस्ट', 'ब्लश' या जाती भुरीला टिकतात. गुलाबीच हवा असेल तर 'चेरोकी ब्रेव्ह' बघ. इतर गुलाबी-लाल जातींपेक्षा तो भुरीला बराच सोसतो.

कूसा म्हणजे जपान-कोरिया-चीनकडचा चुलतभाऊ. महिनाभर उशिरा, पानं आल्यावर फुलतो. त्याच्या छदांची टोकं निमुळती असतात, खाच नसते. रोग कमी, ऊनही जास्त सोसतो. फळ रासबेरीसारखं लोंबतं आणि खाता येतं. साल रवाळ, पण आतला गर मऊ, मला चिकूच्या जवळचा वाटतो. न्यू जर्सीतल्या आमच्या रटगर्स विद्यापीठात एल्विन ऑर्टन यांनी दोघांचा संकर करून 'स्टेलर पिंक'सारख्या जाती काढल्या. जोमदार आहेत, पण त्यांना फळ धरत नाही.

आणि माझं मत अडतं ते तिथेच. ऑक्टोबरात मूळच्या डॉगवूडवर लालचुटुक फळांचे झुपके येतात. ती आपण खायची नाहीत, पण त्यांत चरबी भरपूर असते आणि दक्षिणेकडे निघालेल्या पाखरांना तेच हवं असतं. रॉबिन, ब्लूबर्ड, सीडर वॅक्सविंग येतात आणि दोन दिवसांत झाड रिकामं करतात. नॉर्थ कॅरोलायनात राहून, जिथे १९४१ पासून हे राज्यफूल आहे, मी तरी आधी पांढरा लावीन. या वेळी नवऱ्याचं ऐक. जागा असेल तर कूसा मागे, उन्हात लाव. एक सरला की दुसरा फुलेल.

लावायची पद्धत नीट वाच, कारण माझं पहिलं झाड मी इथेच घालवलं. खड्डा हुंडीच्या, म्हणजे मुळांभोवती बांधलेल्या मातीच्या गोळ्याच्या, दोन-तीन पट रुंद, पण हुंडीएवढाच खोल. लाल चिकणमातीत हुंडी दोन-तीन इंच वरच राहू दे. तारेची जाळी आणि गोणपाट निदान वरच्या अर्ध्या भागाचं कापून काढायचं. मी ज्यांच्याकडून झाड घेतलं त्यांनीच येऊन लावलं होतं, मी विश्वासानं बघत उभी होते. तिसऱ्या वर्षी झाड वाळलं, उपटलं तर सहज हातात आलं. गोणपाट म्हणून जे होतं ते प्लास्टिकचं कापड निघालं, तीन वर्षांनंतर जसंच्या तसं. आतल्या आत मुळं गोल फिरलेली, चकलीसारखी. खोडाचा अर्धा फूट मातीत गाडलेला आणि काळा पडलेला. तेव्हापासून मी प्रत्येक झाडाची हुंडी वरून बोटांनी उकरून पाहते, पहिलं जाड मूळ सापडलं की तीच जमिनीची पातळी.

तुमच्याकडे ऑक्टोबर-नोव्हेंबरात लावलंस तरी चालेल, इथे उत्तरेला मी वसंतात लावते. पहिल्या वर्षी खत नको. पाणी मात्र दोन उन्हाळे चुकवू नकोस.

आणखी एक, तुझ्याच भागातलं. डॉगवूड फुलला असताना थंडीची एक लाट हमखास परत येते. तिकडचे जुने शेतकरी तिला 'डॉगवूड विंटर' म्हणतात. टोमॅटोची रोपं त्यानंतर बाहेर काढ.

प्रश्न : लेकीकडे एप्रिलमध्ये येऊन गेले, तेव्हापासून हे झाड डोळ्यांपुढून हलत नाही. पुढच्या वेळी बिया आणून पुण्यात लावल्या तर येईल का?

नाही येणार, ताई. आणि मी तुम्हाला उगाच आशा लावणार नाही. या बीला रुजायच्या आधी तीन-चार महिने ओलसर थंडी लागते. ती फ्रिजमध्ये देता येईल, रोपही उगवेल. पण पुढे दरवर्षी झाडाला खरा हिवाळा हवा, तो पुण्यात नाही, महाबळेश्वरलाही पुरेसा नाही. शिवाय बिया बॅगेत घालून नेऊ नका. २००३ च्या वनस्पती क्वारंटाइन आदेशाप्रमाणे परवाना आणि रोगमुक्ततेचा दाखला असल्याशिवाय त्या भारतात आणता येत नाहीत. करप्याबद्दल वर लिहिलं ते वाचलंत तर त्याचं कारण पटेल.

पण या कुळातलं झाड आपल्या देशात आहे. उत्तराखंडात, गढवाल-कुमाऊंच्या डोंगरांत त्याला भमोरा म्हणतात. सदाहरित, फिकट पिवळ्या छदांचं, आणि स्ट्रॉबेरीसारखी लाल फळं येणारं. उन्हाळ्यात तिकडे जाणं झालं तर गावातल्या कुणालाही विचारा.

पुण्यातल्या अंगणासाठी भुतकेस लावा. सह्याद्रीतलंच झुडूप, हिरव्या पानांत एक-एक पांढरंशुभ्र पान. तेही पाकळी नव्हे, फुलाचं वाढलेलं निदल. अर्धी सावली तिला आवडते. लहान झाड हवं असेल तर पांढरा कांचन. आणि एप्रिल-मेमध्ये ताम्हिणीच्या बाजूला गेलात तर मोठ्या झाडांखाली फुललेला पांढरा कुडा बघा. रानातल्या डॉगवूडची जागा आपल्याकडे त्यानं घेतली आहे, असं मला दर वेळी वाटतं.

प्रश्न : मी दहा वर्षांचा आहे. आमच्या मराठी शाळेत झाडांचा प्रोजेक्ट आहे. फूल नसताना डॉगवूड कसा ओळखायचा? (पेनसिल्व्हेनिया)

बाळा, तुझं अक्षर फार छान आहे.

आधी खोड बघ. मोठ्या डॉगवूडची साल लहान-लहान चौकोनांत फुटलेली असते, मगरीच्या पाठीसारखी. माझ्या आजोळी, गगनबावड्याकडे, ऐन नावाचं झाड असतं, त्याचीही साल अशीच. आईबाबांना विचार, त्यांनी पाहिलं असेल. हे लाकूड इतकं कठीण आणि गुळगुळीत असतं की कापडाच्या गिरण्यांसाठी त्याचे धोटे करत. धोटा म्हणजे मागावर आडवा दोरा घेऊन इकडून तिकडे पळतो तो. माझे वडील इचलकरंजीला मागावर होते. धोट्याचा खटखट आवाज ऐकत मी अभ्यास करायचे, म्हणून हे मला माझं झाड वाटतं.

मग फांदी बघ. पानं समोरासमोर, जोडीनं येतात. पानाच्या शिरा मधल्या शिरेतून निघून सरळ कडेला जात नाहीत, कडेजवळ आल्या की टोकाकडे वळतात.

आता शेवटची खूण, वर्गात करून दाखवायची. झाडाला विचारून एकच हिरवं पान घे. दोन्ही हातांनी मधोमध आडवं धर आणि हळू, अगदी हळू दोन तुकडे करत हात लांब ने. शिरांमधून कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे बारीक धागे निघतात. वरचा तुकडा चिमटीत धरून ठेव आणि खालचा सोडून दे. तो खाली पडत नाही, धाग्यांना लटकून हलत राहतो.